समोरच्या गाडीच्या विमा कंपनीकडून उपचारांचा खर्च कसा वसूल होतो?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: भाऊ दुचाकीवर होता, मागून आलेल्या मोटारीने उडवलं, मांडीचं हाड मोडलं, रॉड टाकला. खासगी रुग्णालयाचं बिल ६,४०,००० रुपये झालं. त्यातले ३,५०,००० त्याच्या स्वतःच्या मेडिक्लेमने कॅशलेस भरले आणि उरलेले २,९०,००० घरातून गेले. फिर्याद नऊ दिवसांनी दिली. मोटारीच्या विमा कंपनीचा माणूस घरी येऊन म्हणाला, "दोन लाख घ्या, सही करा, विषय संपवा." अपघाताला चार महिने झालेत. आता बिलं कंपनीकडे कुठे पाठवायची, असा तुमचा प्रश्न आहे.

खरी अडचण याच शेवटच्या वाक्यात आहे. मेडिक्लेमची सवय झाल्यामुळे आपल्याला वाटतं की बिलं दिली की कंपनी तपासते आणि पैसे देते. समोरच्या गाडीच्या कंपनीशी तुमच्या भावाचा कसलाही करार नाही. ती पैसे देते ते गाडीमालकाच्या चुकीची जबाबदारी तिने पॉलिसीतून उचललेली असते म्हणून. त्यामुळे आधी चूक, मग ती गाडी, मग तिची त्या दिवशीची पॉलिसी आणि सगळ्यात शेवटी खर्च, या क्रमाने सगळं सिद्ध व्हावं लागतं. हे ठरवण्याची जागा म्हणजे मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, कोर्टाच्या आवारात ज्याला सगळे एमएसीटी म्हणतात. कंपनीच्या ऑफिसात बिलांची फाइल नेऊन दिलीत तर पोच मिळेल, पैसे मिळणार नाहीत. मूळ कागद मात्र हातचे जातील.

आधी मुदतीचं बोलू, कारण तुमच्याकडे वेळ कमी आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६(३) प्रमाणे अपघातापासून सहा महिन्यांत दावा दाखल करायचा असतो. ही तरतूद १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये, ते प्रकरण चालू असेपर्यंत केवळ मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत असा अंतरिम आदेशही झाला. पण अंतरिम आदेशाच्या भरवशावर कोणी मुदत चुकवू नये. तुम्हाला दोन महिने आहेत असं समजूनच चाला.

"पोलिसच कोर्टात कागद पाठवतात ना?" असं तुम्हाला कोणीतरी सांगितलेलं दिसतं. ते अर्धं खरं आहे. २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे तपास अधिकाऱ्याने ४८ तासांत पहिला अपघात अहवाल, ५० दिवसांत अंतरिम अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. हा सविस्तर अहवाल, म्हणजे डीएआर, न्यायाधिकरण दावा म्हणून घेऊ शकतं. जखमीने स्वतःची माहिती आणि कागद साठ दिवसांत तपास अधिकाऱ्याला द्यायचे, त्यासाठी वेगळा फॉर्म आहे. प्रत्यक्षात या तारखा सरकतात, आणि अहवाल गेला तरी त्यात तुमच्या भावाच्या खर्चाचा तपशील बहुधा तोकडाच असतो. म्हणून डीएआर गेला असो वा नसो, स्वतःचा दावा वकिलामार्फत दाखल करा. अपघात झाला तिथल्या, भाऊ राहतो तिथल्या किंवा गाडीमालक राहतो तिथल्या न्यायाधिकरणात दावा चालतो. अपघात परजिल्ह्यात झाला म्हणून तिथे खेटे घालायची गरज नाही. गाडीमालक आणि विमा कंपनी हे प्रतिवादी हवेतच. चालक वेगळा असेल तर त्यालाही सामील करावं, म्हणजे पुढे तांत्रिक हरकत राहत नाही.

आता ज्या कागदावर असे दावे सर्वांत जास्त अडतात त्याकडे येतो. हा कागद बिल नसतो, तर भरती करताना लिहिलेली 'हिस्टरी', म्हणजे दुखापत कशी झाली याची नोंद असते. जखमीला आणणारे लोक घाबरलेले असतात, पोलिसांची झंझट नको असते, किंवा धडक देणारा तिथेच उभा राहून "सगळा खर्च मी करतो, केस नका करू" असं सांगत असतो. मग डॉक्टरांना सांगितलं जातं की गाडी घसरून पडला. ते तसंच लिहितात. मोटारवाला पन्नास हजार देतो आणि नंतर फोन उचलत नाही. आठ-दहा दिवसांनी फिर्याद होते, तोवर केसपेपरवर 'दुचाकीवरून पडून' ही ओळ कायमची बसलेली असते. उलटतपासणीत कंपनीचा वकील पहिला हाच कागद पुढे करतो: दुसरी गाडी नव्हतीच, नंतर उभी केली आहे. तुमच्या फिर्यादीला नऊ दिवस लागले आहेत, म्हणून आजच रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागातून भरतीच्या वेळचा केसपेपर आणि एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची, नोंद काढून वाचा. डिस्चार्ज कार्डवर विसंबू नका, ते नंतर लिहिलेलं असतं.

उशिरा दिलेली फिर्याद एवढ्यावरून दावा पडत नाही. जखमीचा जीव वाचवणं हे घरच्यांचं पहिलं काम असतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे. पण उशिराचं कारण फिर्यादीतच यायला हवं: शस्त्रक्रिया कधी झाली, भाऊ बोलण्याच्या स्थितीत कधी आला, घरचे कुठे होते. ते आलं नसेल तर पुरवणी जबाब नोंदवून घ्या. केसपेपरवर चुकीची हिस्टरी असेल तर डॉक्टरांना ती खोडायला सांगू नका. खाडाखोड केलेला कागद मूळ चुकीपेक्षा जास्त नुकसान करतो. त्याऐवजी दुसऱ्या बाजूने पुरावा उभा करा. १०८ रुग्णवाहिका आली असेल तर तिच्या नोंदी, आधी कुठल्या छोट्या दवाखान्यात नेलं असेल तर तिथली चिठ्ठी, घटनास्थळाचा पंचनामा, दोन्ही गाड्यांच्या नुकसानीची तपासणी, नाव-पत्ता माहीत असलेला एखादा साक्षीदार. दुचाकीची मागची बाजू चेपलेली आणि मोटारीचा पुढचा बंपर फुटलेला, एवढं पंचनाम्यात असलं तरी घसरून पडल्याची कहाणी टिकत नाही. सीसीटीव्हीची आशा चार महिन्यांनी सोडा, बहुतेक ठिकाणी पंधरा-तीस दिवसांत चित्रण पुसलं जातं. पोलिसांनी तेव्हाच ते जप्त केलं असेल तर गोष्ट वेगळी.

पोलीस ठाण्यातून एफआयआर, पंचनामा, जखमेचा दाखला, चालकाचा परवाना, आरसी (गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र) आणि पॉलिसी यांच्या प्रती घ्या. दोषारोपपत्र गेलं असेल तर तेही. मोटारीचा नंबर एमपरिवहन अ‍ॅपवर टाकला तर विमा कुठल्या कंपनीचा आणि कधीपर्यंतचा ते दिसतं, पण दाव्यासाठी पॉलिसी क्रमांक आणि पॉलिसी सुरू झाल्याची तारीखच नव्हे, वेळसुद्धा बघा. अपघातानंतर त्याच दिवशी पॉलिसी काढण्याचे प्रकार होतात, आणि कंपनी ते बरोबर पकडते. चालकाकडे योग्य परवाना नव्हता असं निघालं तर घाबरून जाऊ नका. अशा वेळी बऱ्याचदा न्यायाधिकरण कंपनीला आधी जखमीला पैसे देऊन नंतर मालकाकडून वसूल करायला सांगतं. पॉलिसीच नसेल तर मात्र मालकाच्या मालमत्तेमागे लागावं लागतं, आणि ती वाट लांबची आहे.

आता बिलांकडे. तुमच्या यादीत ६,४०,००० चं अंतिम बिल आहे, शिवाय एक लाख आणि दीड लाखाच्या डिपॉझिटच्या पावत्या वेगळ्या जोडल्या आहेत. डिपॉझिट अंतिम बिलात वळतं झालेलं असतं. दोन्ही मिळवून ८,९०,००० मागितले तर आकडा फुगवल्याचा शिक्का बसतो आणि मग खऱ्या बिलांकडेही संशयाने बघितलं जातं. अंदाजपत्रक, अंतिम बिल आणि पैसे भरल्याची पावती हे तीन वेगळे कागद आहेत. बिल खर्च दाखवतं, पावती तो भरल्याचं दाखवते आणि अंदाजपत्रक यातलं काहीच सिद्ध करत नाही.

रुग्णालयाकडून एकरकमी आकड्याचं बिल नको, फोड केलेलं बिल मागा: खोलीभाडं, शस्त्रक्रिया, भूल, इम्प्लांट, औषधं, तपासण्या. रॉड आणि स्क्रूचं वेगळं बिल आणि त्यांचे स्टिकर केसपेपरला चिकटवलेले असतात, त्याची प्रत घ्या. इम्प्लांट हा मोठा आकडा असतो आणि कंपनी तिथेच बोट ठेवते. कॅशलेसमध्ये मूळ बिल टीपीएकडे, म्हणजे मेडिक्लेमचे दावे हाताळणाऱ्या मध्यस्थ संस्थेकडे गेलेलं असणार, म्हणून रुग्णालयाच्या सही-शिक्क्याची प्रमाणित प्रत आणि टीपीएचं सेटलमेंट पत्र घ्या. त्या पत्रात कुठली रक्कम का कापली ते लिहिलेलं असतं. खोलीभाड्याच्या मर्यादेमुळे प्रमाणात कापलेले पैसे, हातमोजे-कापूस-सुया असल्या वस्तूंचे कापलेले पैसे, हे सगळं तुमच्या २,९०,००० मध्ये बसलेलं दिसेल. मेडिक्लेमच्या या मर्यादा मोटारीच्या कंपनीला लागू नाहीत. तिथे एवढंच बघतात की खर्च खरा होता का, त्या दुखापतीसाठी होता का आणि अवाजवी तर नव्हता.

मेडिकलच्या पावत्यांवर रुग्णाचं नाव, डॉक्टरचं नाव, तारीख, दुकानाचा परवाना क्रमांक असायला हवा आणि प्रत्येक पावतीमागे एक चिठ्ठी. डिस्चार्जनंतरच्या औषधांत चिठ्ठ्या हमखास हरवतात. आधीपासूनच्या मधुमेहाच्या गोळ्या त्याच पावतीत असतील तर तेवढी रक्कम स्वतःच वजा करून दाखवा. एकाच दिवशी लिहून घेतलेल्या, एकाच बिलबुकातल्या लागोपाठच्या क्रमांकांच्या, पण वेगवेगळ्या महिन्यांच्या तारखा घातलेल्या पावत्या जोडायचा मोह कोणी घातला तर हात जोडा. तो क्रमांक उलटतपासणीत पाच मिनिटांत उघडा पडतो. आणि एक साधी गोष्ट: थर्मल कागदावरच्या पावत्या वर्षभरात कोऱ्या होतात. दावा त्याहून जास्त काळ चालणार आहे. आजच सगळ्यांच्या झेरॉक्स आणि स्कॅन करून ठेवा, मूळ पावती त्यामागे लावा.

मग एक तक्ता करा. तारीख, बिल क्रमांक, कोणाचं, कशासाठी, रक्कम आणि चिठ्ठीचं पान. हा तक्ता सरतपासणीच्या, म्हणजे तुमच्या बाजूच्या साक्षीच्या शपथपत्राला जोडला की न्यायाधीशांना आकडा पडताळता येतो. गठ्ठा तसाच दिला तर जे वाचता येईल तेवढंच मंजूर होतं. फिजिओथेरपीच्या ४५,००० च्या ज्या पावत्या म्हणताय, त्यावर किती दिवस, कोणत्या डॉक्टरच्या सल्ल्याने, हे हवं. रिक्षा-टॅक्सीची प्रत्येक पावती कोणाकडेच नसते. प्रवास, पौष्टिक आहार आणि सोबतीच्या माणसाचा खर्च या बाबी न्यायाधिकरण वाजवी अंदाजाने धरतं, पण मागितल्या नाहीत तर लक्ष जात नाही. किती वेळा तपासणीला गेलात हे ओपीडीच्या कागदांवरून दिसलं की अंदाजाला आधार मिळतो.

रॉड पुढे काढावा लागणार असेल तर उपचार करणाऱ्या सर्जनचं खर्चाच्या अंदाजासह लेखी मत घ्या. भविष्यातल्या उपचारांचा खर्च याच दाव्यात मागायचा, नंतर दुसरा दावा करता येत नाही. या रकमेवर व्याज मिळत नाही, कारण तो खर्च अजून झालेला नसतो. झालेल्या खर्चावर मात्र दावा दाखल केल्यापासून साधं व्याज मिळतं, साधारण ६ ते ९ टक्क्यांच्या आसपास. दावा लवकर टाकण्याचं हे आणखी एक कारण.

न्यायाधिकरणात पुराव्याचे नियम दिवाणी कोर्टाइतके कडक नाहीत, तरी कंपनीने बिलं नाकारली तर कोणीतरी ती सिद्ध करावी लागतात. रुग्णालयाच्या बिलिंग विभागाचा माणूस रेकॉर्डसह साक्षीला आला की बिलाला निशाणी क्रमांक पडतो, म्हणजे ते पुरावा म्हणून नोंदलं जातं. दुखापत आणि शस्त्रक्रियेसाठी डॉक्टर हवेत. डॉक्टरांना समन्स काढायला लोक कचरतात, आणि मग नुसती झेरॉक्स फाइलला राहते. डॉक्टरांच्या वेळेचा मान राखून तारीख ठरवता येते, हे तुमच्या वकिलाला माहीत असेलच.

मेडिक्लेमच्या साडेतीन लाखांचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण सगळ्यात जास्त पैसा तिथेच आहे. कंपनी म्हणेल, तुम्हाला खर्च झालाय फक्त २,९०,०००, तेवढेच घ्या. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने यावर निर्णय दिला: जखमीला स्वतःच्या मेडिक्लेम पॉलिसीतून मिळालेली रक्कम मोटार अपघाताच्या उपचारखर्चातून वजा करता येत नाही. हप्ता भरून केलेल्या कराराचा तो फायदा आहे आणि चूक करणाऱ्याची कायद्याने येणारी जबाबदारी त्यामुळे कमी होत नाही, असा त्यामागचा विचार. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या न्यायाधिकरणांना हा निर्णय पाळावा लागतो. म्हणून दावा ६,४०,००० चाच लावा, आणि मेडिक्लेमने किती दिले ते लपवू नका, उघड सांगा. नियोक्त्याने परत दिलेला खर्च, ईएसआयसी (कामगार राज्य विमा) किंवा सरकारी योजनेतून झालेले मोफत उपचार यांची गोष्ट वेगळी, तिथे पैसे कोणत्या हक्काने आले यावर वाद होतो. तुमच्या भावाची पॉलिसी त्याची स्वतःची आहे, त्यामुळे तुमची बाजू स्वच्छ आहे.

चुकीचं प्रमाण ठरलं की आकडा बदलतो. भावाची ३० टक्के चूक धरली तर ६,४०,००० चे ४,४८,००० होतात. मागून धडक असेल तर अशी कपात सहसा टिकत नाही, पण तो अचानक वळला असं कंपनी म्हणणार हे गृहीत धरा. घटनास्थळाचा नकाशा इथे उपयोगी पडतो. चूक सिद्धच होणार नाही असं वाटत असेल तर कलम १६४ खाली चूक न सिद्ध करता गंभीर दुखापतीसाठी ठरलेले २,५०,००० रुपये मिळतात. तुमचं बिलच त्याच्या अडीच पट आहे, म्हणून ती वाट शेवटची ठेवा. धडक देणारी गाडी सापडलीच नाही तर गंभीर दुखापतीला ५०,००० रुपयांची वेगळी सरकारी योजना आहे, अर्ज तहसील-प्रांत पातळीवर होतो. तुमच्याकडे गाडीचा नंबर आहे, त्यामुळे ते तुमच्यासाठी नाही.

आणखी दोन गैरसमज लगेच दूर करतो. भावाच्या दुचाकीच्या पॉलिसीतलं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात कवच हे मृत्यू आणि ठरावीक कायमच्या अपंगत्वासाठी आहे, रुग्णालयाचं बिल त्यातून निघत नाही. आणि मे २०२५ पासूनची रस्ते अपघातग्रस्तांसाठीची कॅशलेस योजना, दीड लाखापर्यंत आणि अपघातापासून सात दिवसांपर्यंत, ही उपचार चालू असतानाच नेमलेल्या रुग्णालयात वापरायची असते. भरलेलं बिल नंतर तिच्यातून परत मिळवता येत नाही. पुढे कोणावर वेळ आली तर भरती करतानाच विचारा, एवढ्यासाठी सांगितलं.

राहिला तो दोन लाखांचा कागद. कायद्यात तडजोडीची वाट आहे, पण ती घरच्या सोफ्यावरची नाही. कलम १४९ प्रमाणे कंपनीचा नेमलेला अधिकारी न्यायाधिकरणापुढे देकार (रकमेचा प्रस्ताव) देतो, तुम्ही होकार दिलात तर तिथे नोंद होते आणि ३० दिवसांच्या आत पैसे भरावे लागतात. नकार दिलात तर दावा गुणवत्तेवर चालतो, देकार नाकारला म्हणून काही बिघडत नाही. लोकअदालतीतही मिटवता येतं, फक्त तिथे झालेल्या निवाड्यावर अपील नाही हे लक्षात ठेवा. दोन्हीकडे जाण्याआधी भावाचं हाड जुळून अपंगत्वाचं चित्र स्पष्ट होऊ द्या. मांडीच्या मोडीनंतर गुडघा पूर्ण वाकतो का, पाय आखूड झाला का, हे चार महिन्यांत नक्की सांगता येत नाही, आणि कामाच्या स्वरूपानुसार कमाईच्या नुकसानीचा आकडा उपचारखर्चाहून मोठा निघू शकतो. त्या माणसाने ठेवलेल्या कागदावर 'पूर्ण व अंतिम' असे शब्द असतील तर सही करू नका. कागदाचा फोटो काढून तुमच्या वकिलाला द्या. कंपनीने दोन लाख देऊ केले याचा अर्थ पॉलिसी आणि गाडी तिला मान्य आहे असा युक्तिवाद करता येतो का, ते तो कागद वाचून वकीलच सांगतील.